विम्याच्या फॉर्मात गव्हाचा आजार

पत्र आलं तेव्हा मी गोदामात होते. ज्वारीच्या पोत्यातून नमुना काढायची पोकळ सळई हातात होती आणि तळहातावर सांडलेल्या दाण्यांत सोंडेकिडे शोधत होते. परभणीच्या कृषी विद्यापीठात धान्य साठवणुकीच्या विभागात मी तेव्हा सहायक होते. विभागप्रमुख स्वतः गोदामापर्यंत चालत आले, पाकीट दिलं आणि म्हणाले, तुमची निवड झाली. इंग्लंडला दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, धान्याची साठवण आणि कीड. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं तिकडचे लोक बघणार होते.

संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले. वर्तमानपत्रात फोटो द्यायचा म्हणून कुणीतरी माझा जुना फोटोही मागून नेला. मी मात्र पत्राचा शेवटचा परिच्छेदच पुनःपुन्हा वाचत होते. त्यात लिहिलं होतं की, वैद्यकीय विमा उमेदवारानं स्वतः काढायचा आहे आणि त्याची प्रत हातात पडल्याशिवाय विमानाचं तिकीट पाठवलं जाणार नाही. हातात पाच आठवडे होते.

मला का धास्ती बसली ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

माझं माहेर राणीसावरगावच्या बाजूचं. घरची कोरडवाहू शेती, खाणं ज्वारीचं. गहू सणावारापुरता. होळीला पोळ्या झाल्या की दुसऱ्या दिवसापासून माझं पोट जायचं, चार-चार दिवस अंथरुणात. बाकीची भावंडं हुंदडत असायची. माझ्या मायनं ते ध्यानात ठेवलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन तेव्हापासून सणाच्या दिवशी माझ्या ताटात पुरणाचा गोळा आणि भाकरी यायची. कुणी विचारलं तर ती म्हणायची, तिला गहू सोसत न्हाई. घरात त्यावर कुणी जास्त बोललं नाही. भाकरीच्या मुलखात गहू न खाणं ही काही अडचण नव्हतीच.

अडचण झाली शिकायला परभणीला आल्यावर. वसतिगृहात दोन्ही वेळ चपाती. मीही मोठी झाले होते, वाटलं लहानपणीचं दुखणं गेलं असेल. दोन वर्षांत मी काडी झाले. केस गळायला लागले, जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी रक्त वाढायची इंजेक्शनं दिली, वैद्यांनी नाडी बघून संग्रहणी सांगितली आणि ताकावर ठेवलं. वसतिगृहातल्या मुली मला क्षय झाला म्हणून भांडी वेगळी ठेवायच्या. लग्न झालं तरी हेच चालू होतं, आणि तीन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. शेवटी नवऱ्यानं शाळेतून रजा काढली आणि मला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला, तपासला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, तो तुमच्या आतड्याला चालत नाही. औषध एकच, जन्मभर गहू बंद.

मायला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी तर आधीच म्हनले व्हते. त्याच्यासाठी पुण्यापोतर कशाला गेलीस?"

गहू सोडला आणि वर्षभरात माझं अंग भरलं. पुढं मुलगी झाली. हे सगळं झाल्यावर मी तो आजार विसरून जायचं ठरवलं. विभागात कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नात, निरोपसमारंभात ताटं वाढली की मी म्हणायचे, आज उपवास आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, प्रदोष, जे जमेल ते. त्यामुळं माझी ख्याती फार धार्मिक बाई अशी झाली होती. एकदा तर विभागातल्या शिपायानं त्याच्या सुनेला माझ्याकडे कोणतं व्रत करावं ते विचारायला पाठवलं होतं. मी तिला काहीतरी सांगून वाटेला लावलं आणि दिवसभर स्वतःवर चिडून होते.

तर आता विमा. त्या काळी परभणीत परदेशाचा विमा काढणारा माणूस विरळा. एका सेवानिवृत्त मास्तरांकडे एजन्सी होती. ते बैल, मोटारी, दुकानं यांचे विमे काढायचे. परदेशाच्या विम्याचा फॉर्म त्यांनी शाखेतून शोधून आणला आणि आमच्या घरी, अंगणातल्या बाजेवर बसून भरायला घेतला. नाव, वय, उंची, वजन झालं. मग ते एका प्रश्नाशी थांबले. मागच्या काही वर्षांत तुम्हाला कोणता आजार झाला होता का, सध्या कोणत्या आजारावर उपचार वा पथ्य चालू आहे का, असा तो प्रश्न होता. खाली चार ओळींची मोकळी जागा.

मी त्यांना खरं ते सांगितलं. पुण्याचं पत्रही दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"मॅडम, हे लिवायचं न्हाई," ते म्हणाले. "गहू खात न्हाई म्हंजे आजार झाला का? आपल्या अर्ध्या जिल्ह्यात कोन गहू खातंय? हे लिवलं की कागद औरंगाबादला जाऊन अडकतो. मग तुमी इथंच बसता आन् दुसरंच कोनीतरी जातंय."

शेवटचं वाक्य मला लागलं. कारण निवड यादीत माझ्या खाली एक नाव होतं, आणि तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. तब्येतीनं धट्टाकट्टा. विभागप्रमुखांना कळलं असतं की या बाईला जन्माचा आजार आहे, तर ते काय म्हणाले असते? मी पेन घेतलं. त्या प्रश्नासमोर "नाही" लिहिलं आणि सही केली. मास्तर फॉर्म घेऊन मोपेडवरून निघून गेले.

ते कोपऱ्यावर वळले तोच मला वाटलं, त्यांना हाक मारावी. मी मारली नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी कशातच नव्हते. गोदामात गेले की आपण कशाला आलो ते विसरायचे. पोत्यांच्या थप्पीभोवती नुसती फिरत राहायचे. घरी मुलीची वेणी घालताना ती ओरडायची, आई, तिसऱ्यांदा सोडलीस. नवरा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. त्याला मी फॉर्मचं सांगितलं तेव्हा तो सहज म्हणाला, गहू खाल्लाच नाही तर आजार कुठंय? बरोबर आहे तुझं. पण दोन दिवसांनी त्यानंच वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, तिकडं चुकून खाण्यात आला तर? आणि दवाखान्यात जावं लागलं, आणि त्यांनी पुण्याचे कागद मागितले तर?

मी मास्तरांनी मागं ठेवलेला कोरा फॉर्म काढला. पाठीमागं बारीक अक्षरांत नियम होते. त्यातला एक असा, की दिलेली माहिती खोटी निघाली तर विमा मुळातच नव्हता असं समजलं जाईल. मुळातच नव्हता. हे दोन शब्द माझ्या डोक्यात अडकून बसले. पाय मोडला तरी नव्हता, ताप आला तरी नव्हता. मी सात समुद्रांपलीकडे एकटी आणि हातात विम्याच्या नावाचा एक कागद, जो मुळातच नव्हता.

खरं सांगायचं तर खोटं बोलल्याची टोचणी त्यात कमी होती आणि भीती जास्त होती. मी उपवासाच्या नावाखाली वर्षानुवर्षं खोटं बोलत आले होते आणि त्यानं माझं काही बिघडलं नव्हतं.

सोमवारी मी रजेचा अर्ज टाकून विम्याच्या शाखेत गेले. तिथले साहेब म्हणाले, फॉर्म शनिवारीच औरंगाबादच्या मोठ्या कार्यालयात रवाना झाला, परदेशाचे विमे तिथंच होतात. मी म्हणाले, त्यात एक दुरुस्ती करायची आहे. ते म्हणाले, दरखास्त लिहून द्या, आम्ही टपालानं पाठवतो, आठ-दहा दिवसांत त्यांचा खुलासा येईल. आठ-दहा दिवस माझ्याकडे नव्हते. मी घरी आले आणि पिशवी भरली.

औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा पुन्हा तापला होता. मंगळवारी बंदची हाक होती, एसटी सकाळपासूनच बंद. नवरा म्हणाला, एक दिवस थांब. मी थांबायला तयार नव्हते. तो बरोबर यायला निघाला, पण मुलीला ताप होता. शेवटी त्यानं मला स्टेशनवर सोडलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिला.

एसटीची सगळी माणसं रेल्वेत आली होती. मी दरवाजाजवळ माझ्या पिशवीवर बसले. डब्यात बोलणं एकाच विषयाचं, तेही हळू आवाजात, समोरचा कोण आहे याचा अंदाज घेत घेत. कुणी आडनाव विचारलं की पुढचा माणूस क्षणभर थांबून उत्तर द्यायचा. माझ्याजवळ एक बाई बाळ घेऊन बसली होती. तिनं आडनाव सांगितलं आणि समोरच्या दोघांनी पाय आखडून घेतले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला काही बोलावंसं वाटलं आणि मी बोलले नाही. त्या दिवसाची ही गोष्ट मला फॉर्मपेक्षा जास्त वर्षं छळत आली आहे.

मध्ये एका स्टेशनवर गाडी तास-दीड तास उभी राहिली. का ते कुणी सांगेना. मी खाली उतरून फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा चालले असेन कोण जाणे. एका म्हाताऱ्या हमालानं विचारलं, बाई, कोनी आजारी हाय का दवाखान्यात? मी हो म्हणाले.

औरंगाबादला पोचले तेव्हा दुपार होत आली होती. बाजारपेठ बंद. विम्याच्या कार्यालयाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले तर निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. परदेशाच्या विम्याचं काम बघणारे अधिकारी मात्र आलेले होते. पन्नाशीचे, बारीक चेहऱ्याचे गृहस्थ. माझं नाव सांगताच त्यांनी गठ्ठ्यातून फॉर्म काढला. म्हणाले, तुमचं काम तर झाल्यातच जमा आहे, परवापर्यंत पॉलिसी निघेल. कशाला तसदी घेतलीत?

त्या क्षणी परत फिरता आलं असतं. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"यात एका ठिकाणी मी नाही लिहिलंय," मी म्हणाले. "ते खोटं आहे. मला एक आजार आहे. तो लिहिला तर विमा मिळणार नाही, या भीतीनं मी नाही लिहिलं."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, इतक्या वर्षांत माझ्याकडे लोक खोटं लपवायला आले, ते सांगायला कुणी आलं नव्हतं. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, वैताग होता. काम वाढलं होतं त्यांचं. जुना फॉर्म त्यांनी आडवी रेघ मारून रद्द केला, नवा दिला आणि आजाराचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते मला विचारलं. मी पुण्याच्या पत्रातून एकेक अक्षर वाचून दाखवलं.

कंपनीचे डॉक्टर तीन वाजता आले. त्यांनी नाव वाचून भुवया उंचावल्या. म्हणाले, हे मी कॉलेजात पुस्तकात वाचलं होतं, तेही लहान मुलांच्या आजारात. पेशंट आज पहिल्यांदा बघतोय. तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसता. मी सांगितलं, ज्वारी खाते म्हणून दिसते. त्यांनी जीभ बघितली, नखं बघितली, पापणी खाली ओढून बघितली. काय खाता, किती वर्षांत त्रास नाही, सगळं विचारलं. मग ते आणि अधिकारी आतल्या खोलीत गेले.

अर्ध्या तासानं अधिकारी बाहेर आले. विमा देतो म्हणाले, पण एक अट टाकून. त्यांनी टाइप केलेली ओळ माझ्यासमोर ठेवली. पोट आणि आतडी यांचा कोणताही आजार या विम्यात धरला जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

मी ती ओळ दोनदा वाचली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तरी मी उठले नाही.

"साहेब, मग पोट इथं ठेवून जाऊ का?" मी विचारलं. "माझ्या आजाराला नाव आहे. तेवढंच नाव लिहा. बाकीचं पोट तुमच्या-माझ्यासारखंच आहे."

ते म्हणाले, असं एकेका आजारासाठी वेगळी ओळ लिहायची पद्धत नाही. मी म्हणाले, मग मला ही पॉलिसी नको. हे म्हणताना माझ्या मनात इंग्लंड जवळजवळ गेलंच होतं. शेजारच्या टेबलावरचा तो धट्टाकट्टा माणूस मला विमानात बसलेला दिसत होता. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडून पुण्याचं पत्र मागून घेतलं आणि म्हणाले, हे रात्रीपुरतं माझ्याकडे राहू द्या. उद्या अकराला या.

मुक्काम नवऱ्याच्या चुलतबहिणीकडे केला. त्यांना आधी कळवलेलं नव्हतं, पण त्यांनी आनंदानं घरात घेतलं. दिवेलागणीला ताटं मांडली, ताटात गरम चपात्या. नेहमीप्रमाणे मी तोंड उघडलं आणि मंगळवार आहे, उपवास आहे, असं म्हणणार होते. पण दिवसभर आजाराचं नाव इतक्या वेळा उच्चारलं होतं की खोटं बोलायचा कंटाळा आला. म्हणाले, वन्सं, मला गहू चालत नाही, आजार आहे तसा. त्या एवढंच म्हणाल्या, मग आधी नाही का सांगायचं? आणि मला भात लावला. लग्नानंतर पंधरा वर्षांत मी त्यांच्याकडे पाच-सहा वेळा जेवायला बसले होते आणि प्रत्येक वेळी केळी खाऊन उठले होते.

दुसऱ्या दिवशी अकराला गेले तर डॉक्टर आले नव्हते. साडेबारा झाले. मी कार्यालयाच्या जिन्यावर खाली-वर करत होते. अधिकाऱ्यांनी दोनदा बाहेर येऊन बसायला सांगितलं. एकच्या सुमारास डॉक्टर आले, हातात एक जाड पुस्तक घेऊन. त्यांनी त्यातलं एक पान अधिकाऱ्यांना दाखवलं, मग स्वतःच्या हातानं नवी ओळ लिहिली. फक्त त्या आजाराचं नाव, आणि त्या आजारामुळंच झाल्याचं वैद्यकीय तपासणीत सिद्ध होईल तो त्रास वगळून. अधिकाऱ्यांनी ती टाइप करून घेतली. वर एवढंच बजावलं, की याची एक प्रत तुमच्या कार्यालयालाही जाईल.

म्हणजे विभागप्रमुखांना कळणार. कागद पोचायच्या आधी आपणच सांगावं असं ठरवून मी गुरुवारी सकाळी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं ते उपवास नव्हते? मी मान खाली घातली. त्यांनी पुढं विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. तुम्ही इथं गव्हाच्या कोठारात काम करता, त्या धुळीनं तुम्हाला त्रास होतो का? म्हणाले, हे आधी सांगितलं असतं तर तुम्हाला ज्वारीच्याच बाजूला ठेवलं असतं. जायचं की नाही याविषयी ते बोललेच नाहीत. फाइल पुढं ओढून त्यांनी सही केली आणि मला कळलं की मी जाते आहे.

इंग्लंडला मी ज्वारीचं पीठ नेलं, मायनं दळून, चाळून, फडक्यात बांधून दिलेलं. वसतिगृहाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना मी पहिल्याच दिवशी आजाराचं नाव सांगितलं. मला वाटलं होतं इथंही समजावून सांगावं लागेल. त्या बाई म्हणाल्या, हो का, आमच्या गल्लीत एकीला आहे. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यातला बिनगव्हाचा पाव आला. तो खाताना लाकडाच्या भुशासारखा लागायचा, पण मला रडू आलं. परभणीपासून पुण्यापर्यंत ज्या दुखण्याला कुणी नाव देईना, ते इथं गल्लीत राहत होतं.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी वर्गात माझ्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडं खाली. मी मनात आदल्या दिवशीचा घास न् घास आठवायला लागले. सूपमध्ये पीठ घातलं होतं का? दुपारपर्यंत उभं राहता येईना. वसतिगृहाच्या बाईंनी गाडी काढली आणि मला दवाखान्यात नेलं. त्यांनीच माझ्या पर्समधून पॉलिसी काढून तिच्यावरच्या नंबरावर फोन लावला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं आणि म्हणाले, हे अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन करावं लागेल. मी विचारलं, माझ्या जुन्या आजारानं तर झालं नाही ना? ते म्हणाले, नाही, हे कुणालाही होतं. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांना वाटलं मला इंग्रजी कळत नाही. त्यांना काय सांगणार, की मी एका टाइप केलेल्या ओळीचा अर्थ लावत होते. तेवढ्यात बाई फोनवरून आल्या. म्हणाल्या, विमावाले म्हणतात, पॉलिसीत पोटाच्या आजाराची एक अट दिसते, डॉक्टरांचा लेखी अहवाल आल्याशिवाय सांगता येत नाही.

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, विमावाल्यांचं त्यांना ठरवू द्या, ऑपरेशन मी ठरवतो. मला आत नेलं. भूल चढेपर्यंत मी ती ओळ इंग्रजीतच मनात म्हणत होते, शब्द न् शब्द.

शुद्धीवर आले तेव्हा कूस ठणकत होती. त्या दिवशी उत्तर नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. परिचारिका म्हणायच्या, झोपा. झोप येत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. उत्तर आलं होतं. डॉक्टरांच्या अहवालात अपेंडिक्सचा त्या आजाराशी संबंध नाही असं स्पष्ट होतं, आणि पॉलिसीत वगळलेला होता तो फक्त तोच आजार. सगळं मंजूर झालं होतं. मी त्यांना धन्यवाद दिले की नाही तेही आठवत नाही. भिंतीकडं तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

परत आल्यावर ही हकिकत परभणीत पसरली. एजंट मास्तर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, बगा मॅडम, खऱ्याला मरन न्हाई. मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पण मान हलवली नाही. खरेपणानं हे झालं असं मला कधी वाटलं नाही. पहिल्यांदा माझ्या हातानं "नाही"च लिहिलं होतं. नियम बारीक अक्षरांत पाठीमागं छापलेला नसता, किंवा मी तो वाचला नसता, तर मी तशीच गेले असते. आणि त्या डॉक्टरांनी घरी जाऊन पुस्तक उघडलं नसतं, तर खरं बोलूनही मी बिनपोटाचा विमा घेऊन गेले असते. यातलं माझं किती आणि नशिबाचं किती, ते मला अजून सांगता येत नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं, तेव्हा तू औरंगाबादला गेली नसतीस तर? मी म्हणाले, विचारू नका. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आता विभागात सगळ्यांना माझ्या गव्हाचं माहीत झालं होतं. लोक विचारायला लागले, आपल्या घरातल्या दुखण्यांचं सांगायला लागले. त्याच शिपायानं एक दिवस त्याच्या सुनेला पुन्हा माझ्याकडे आणलं. ती पोखर्णीला राहायची. या वेळी मी नीट बघितलं. मनगटं काडीसारखी, डोळे आत गेलेले, सारखं पोट बिघडलेलं, लग्नाला चार वर्षं आणि मूल नाही. तिला पाहून मला वसतिगृहातली मी दिसले. मागच्या वेळी मी हिला कोणतं व्रत सांगितलं होतं ते आठवून मला बसवेना. मी शिपायाला म्हणाले, हिचा गहू बंद करा आणि मी चिठ्ठी देते ती घेऊन पुण्याला जा. मला इतकी खात्री होती.

ते गेले. तीन आठवड्यांनी परत आले. तिला गव्हाचा आजार नव्हता. पोटाचा क्षय होता. पुण्याच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली होती आणि सांगितलं होतं, आणखी सहा महिने उशीर झाला असता तर अवघड होतं. गहू बंद करायची काही गरज नाही, उलट चांगलं खाऊ घाला, असंही सांगितलं होतं. शिपाई माझ्या पाया पडायला वाकला. मी मागं सरकले. माझं निदान चुकलं होतं आणि मधल्या तीन आठवड्यांत मी त्या पोरीचा घास तोडला होता.

ती दीड वर्ष औषधं घेत होती. दर महिन्याला औषधाला परभणीला आली की विभागात डोकावून जायची. मी प्रत्येक वेळी विचारायचे, काय खाल्लंस, किती खाल्लंस, वजन किती भरलं. एकदा ती हसून म्हणाली, "बाई, तुमी डाक्टरपक्षा जास्त इचारता." मग पदर सावरून उठली, कारण पोखर्णीची गाडी सुटायची वेळ झाली होती, आणि मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.